पणजोबांची चार लग्ने

घराण्याची वंशावळ ही आपल्याकडे मोठ्या अभिमानाची वस्तू. कुणाच्या घरी ती पिवळ्या पडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर असते, कुणाच्या घरी जाडजूड छापील कुलवृत्तांतात. मूळपुरुषापासून निघून, फांद्या फुटत फुटत ती आपल्यापर्यंत येऊन पोचते आणि शेवटच्या ओळीत आपल्या वडिलांचे किंवा भावाचे नाव दिसले की उगाचच बरे वाटते. पण हे झाड जरा निरखून पाहा. सहा-सात पिढ्यांची नावे असतात, आणि बहुतेक सगळी पुरुषांची! पुरुषापासून पुरुष, त्यापासून पुन्हा पुरुष. जणू या घराण्यात मुली कधी जन्मल्याच नाहीत, आणि मुलगे झाले तेही आयांवाचूनच.

आमच्या घरची वंशावळ याला अपवाद नाही. माझ्या भाच्याने ती संगणकावर उतरवून घ्यायचे मनावर घेतले, आणि पहिल्या आठवड्यातच तो अडला. त्याने विचारले, “आत्या, तुझ्या पणजोबांच्या नावापुढे बायका किती लिहू?”

प्रश्न साधा, पण उत्तरे तीन आली. जुन्या वंशावळीत पणजोबांच्या नावाखाली बारीक अक्षरात ‘स्त्री १’ एवढेच होते. माझी आई सासूच्या तोंडून ऐकलेले सांगत असे, त्याप्रमाणे बायका दोन. आणि आमच्या थोरल्या चुलत बहिणीने ठासून सांगितले की पणजोबांची लग्ने चार झाली. घरात हे सर्वांना ठाऊक होते आणि पुरुषमंडळी ते हसत हसत सांगत. एक, दोन की चार? मी या घरची मुलगी, म्हणजे वंशावळीत मला स्वतःलाच जागा नाही. तरीही, किंवा त्यामुळेच म्हणा, या प्रकरणाचा छडा लावायचे मी ठरवले.

शिरगणतीचे बंद दार

भाच्याचा पहिला भरवसा शिरगणतीवर. त्याने कुठे वाचले होते की विलायतेत लोक घरबसल्या आपल्या पणजोबांच्या घरात डोकावतात. ते खरेही आहे. इंग्लंडात शिरगणतीचे कागद शंभर वर्षांनी सर्वांसाठी खुले होतात. १९२१ चे कागद २०२२ च्या जानेवारीत खुले झाले. आयर्लंडचे १९०१ आणि १९११ चे कागद तर फुकट पाहता येतात. १९११ च्या कागदात लग्न झालेल्या बाईला विचारले होते की हे लग्न होऊन किती वर्षे झाली, मुले किती झाली, त्यांतली हयात किती. लग्नाला आठ वर्षे आणि घरात चौदा वर्षांचा मुलगा असे दिसले की वंशजाने ओळखावे, इथे काहीतरी अधिक आहे.

आपल्याकडेही शिरगणती काही कालपरवाची नाही. पहिली १८७२ च्या सुमारास झाली, आणि साऱ्या हिंदुस्थानात एकाच रात्री, १७ फेब्रुवारी १८८१ रोजी, माणसे मोजली गेली. तेव्हापासून दर दहा वर्षांनी गणक दारात येऊन घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव, वय, धर्म, जात, धंदा, आणि लग्न झालेले, न झालेले की जोडीदार वारलेला, हे सारे लिहून नेई. पण आकड्यांची बेरीज झाली की ते घरोघरचे कागद नष्ट होत. उरले ते जाडजूड अहवाल, आणि अहवालात माणसे नसतात, फक्त संख्या असतात. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कायदा झाला, त्यानेही हे कागद कुणाला पाहायला न देण्याचे बंधन कायम ठेवले.

आणि कागद राहिले असते तरी काय सापडले असते? एक तर बायकांची नावे सांगायला घरच्यांची हरकत असेल तर गणकाने नुसते ‘स्त्री’ लिहावे, अशी सवलत असे. दुसरे म्हणजे, पहिली बायको जाऊन दुसरी केलेला गृहस्थ त्या तक्त्यात नुसता ‘विवाहित’. लग्न कितवे, हा रकानाच नव्हता. १८८१ साली आमचे पणजोबा तिशीच्या घरात होते. त्या रात्री गणकाने त्यांना विवाहितांत मोजले असणार, आणि तोवर होऊन गेलेली एक बायको कोणत्याच रकान्यात उरली नसणार.

बायकांची नावे न सांगण्याची ही रीत फार चिवट. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी मतदारयादीतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली, मुख्यतः उत्तरेकडच्या प्रांतांत. कारण त्यांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ यापलीकडे स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. लग्नात मुलीचे नाव बदलायचे. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी, त्याही माहेरच्या यमुना. महर्षी कर्व्यांशी १८९३ साली पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई, त्या झाल्या आनंदीबाई. या थोर बायकांची चरित्रे लिहिली गेली म्हणून दोन्ही नावे आपल्याला ठाऊक. बाकीच्या हजारो यमुना कुठे लुप्त झाल्या, ते कोण सांगणार? बरे, लग्नाची सरकारी नोंद म्हणाल तर ती तेव्हा नव्हतीच. बायका किती कराव्यात याला हिंदू पुरुषाला मुंबई इलाख्यात १९४६ पर्यंत कायद्याचे बंधन नव्हते. साऱ्या देशात ते १९५५ साली आले.

पितरांची यादी

सरकारी दार बंद झाले, तेव्हा आम्ही घरातली दारे उघडली. आजोबांच्या लाकडी पेटीत, पंचांगांच्या गठ्ठ्यात, एक चोपडे निघाले. भाद्रपदात पितृपक्षात महालय श्राद्ध करताना ज्यांच्या नावाने तर्पण करायचे, त्या पितरांची यादी त्यात आजोबांनी लिहून ठेवली होती.

वाचकहो, तुमच्या घरी असे चोपडे असेल तर ते जपा. वंशावळीपेक्षा ही यादी फार उदार असते. वंशावळ वाढते मुलग्यांवर, पण तर्पणात वडील, आजोबा, पणजोबा झाले की आई, आजी, पणजी येतात. आईचे आईवडील येतात. मग बायको, मुलगा, मुलगी, काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, आणि शेवटी गुरू आणि स्नेहीसुद्धा. आणि आई-आजी-पणजी झाल्यावर शास्त्राने एक खास जागा ठेवली आहे: सापत्नमाता. वडिलांच्या दुसऱ्या बायकोलाही सावत्र मुलाने पाणी द्यायचे आहे.

आजोबांच्या यादीत ‘माता’ या शब्दापुढे एक नाव होते आणि ‘सापत्नमाता’ या शब्दापुढे दोन. म्हणजे बायका तीन! आता गंमत पाहा. त्यांतली दोन नावे, मातेचे आणि पहिल्या सापत्नमातेचे, घरी केलेल्या काळ्या शाईत बोरूने लिहिलेली, आणि त्या दोहोंपुढे लहानसे ‘नवमी’ असे लिहिलेले. तिसरे नाव मात्र फौंटनपेनच्या निळ्या शाईत मागाहून लिहिलेले, आणि त्यापुढे ‘नवमी’ नाही.

भाच्याला यात काही दिसेना. पण ज्यांनी जुन्या घरात दिवस काढले आहेत त्यांना कळेल. भाद्रपद वद्य नवमी ती अविधवा नवमी. नवऱ्यामागे राहिली नाही, अहेवपणी गेली, अशा बाईचे श्राद्ध त्या दिवशी करतात. म्हणजे पणजोबांच्या दोन बायका त्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या. तिसरी त्यांच्यामागे राहिली, आणि तीही इतकी वर्षे की तिचे नाव यादीत चढेपर्यंत बोरू जाऊन फौंटनपेन आले!

पहिलीची एक खूण घरातच निघाली. आमच्या देवघरात खंडोबा आणि भवानीच्या टाकांशेजारी चांदीचा एक अगदी लहान टाक आहे; त्यावर नुसती बाईची आकृती. माझी आई त्याला रोज हळदकुंकू वाही आणि ‘देवी’ म्हणे. त्याला वरच्या बाजूला ओवायची कडी आहे, तिकडे कुणाचे लक्ष गेले नव्हते. तो सवतीचा टाक. दुसरेपणावर दिलेल्या मुलीने मेलेल्या सवतीची अशी प्रतिमा गळ्यात घालायची, म्हणजे तिचा त्रास होत नाही, अशी समजूत होती. वंशावळीत ‘स्त्री १’ म्हणून जिची नोंद आहे ती माझी पणजी, म्हणजे दुसरी. मुलगे झाले म्हणून तिला जागा मिळाली. तिने हा टाक गळ्यात वागवला. पहिलीला मूलबाळ नव्हते. तिची जागा त्या टाकाएवढी.

तिसरी नवरी

तीन बायका सापडल्या, पण लग्ने चार कशी? चुलत बहीण आपला हेका सोडीना. तिने लहानपणी ऐकलेले एक वाक्यही सांगितले: “तिसरी काही घरात आली नाही.” त्यावर घरात नाना तर्क निघाले. कुणी म्हणाले, मांडवातच वारली असेल. कुणी आवाज खाली आणून म्हणाले, लग्नाची नसेल!

उलगडा झाला पणजोबांच्या खर्चाच्या वहीत. वही मोडीत. एका जाणत्या मोडीवाचकांनी ती चार दिवस बसून वाचून दिली. तेल, मीठ, गुरांची पेंड, सारा, वैद्याचे पैसे, असे वाचीत वाचीत शके १८१७ च्या वैशाखात, म्हणजे १८९५ च्या उन्हाळ्यात, ते थांबले आणि हसू लागले. ओळ होती: ‘रुईचे लग्नास दक्षणा व सूत.’ त्यापुढे दोनच दिवसांनी मांडव, वाजंत्री आणि लुगड्यांचा खर्च.

माणसाचे तिसरे लग्न अशुभ, त्यात नवरीला धोका, असे मानीत. त्यावर तोड काढली होती अर्कविवाहाची. अर्क म्हणजे रुईचे झुडूप. तिसरे लग्न त्याच्याशी लावायचे. झुडपाला सूत गुंडाळायचे, मंत्र म्हणायचे, संकट काय ते झुडपावर. मग खरी मुलगी चवथी ठरते आणि सुखरूप राहते. आमच्या पणजोबांची तिसरी नवरी म्हणजे गावाबाहेरची रुई. ती घरात आली नाही हे बरोबरच होते!

आम्ही सगळे पोट धरून हसलो. पण हसू ओसरल्यावर मनात आले की मुलीला धोका नको म्हणून झुडपाशी लग्न लावणाऱ्या त्या माणसांनी नवऱ्या मुलाचे वय मात्र मोजले नव्हते. पणजोबा तेव्हा पंचेचाळिशीचे. वेगळे काही घडत होते असेही नाही. सुधारकांचे अग्रणी न्यायमूर्ती रानडे यांची पहिली पत्नी १८७३ साली वारली, तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्याच वर्षी एकतीस वर्षांच्या त्या विद्वानाने अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. रानड्यांना जे टाळता आले नाही ते कृष्णाकाठच्या एका कुळकर्ण्याने टाळावे अशी अपेक्षा कोण करणार?

अन्नवस्त्राचा कागद

आता प्रश्न उरला तो चवथीचा. ती पणजोबांमागे राहिली, तर कुठे राहिली?

खर्चाची वही शके १८१९ च्या मार्गशीर्षात एकदम तुटते. प्लेग १८९६ साली मुंबईत आला, पुढच्या वर्षी आमच्या सातारा जिल्ह्यात पोचला, आणि त्यात पणजोबा गेले. पुढे त्यांच्या दोन्ही मुलांची वाटणी झाली. वाटणीचा दस्त नोंदलेला असणार, म्हणून भाच्याने नोंदणी कचेरीत अर्ज दिला, फी भरली, आणि गावाच्या नावावरून इंडेक्स चाळून घेतला. १९०८ सालच्या त्या दस्ताची नक्कल हाती आली. त्यात शेते होती, विहिरीचे पाण्याचे पाळे होते, आंब्याची झाडे होती, आणि शेवटी एक कलम होते. निळ्या शाईतलेच नाव, आणि त्यापुढे: ‘आमची सापत्न मातोश्री, वय वर्षे सुमारे २४.’ तिला वर्षास चार मण जोंधळे, दीड मण तांदूळ, दोन लुगडी आणि राहण्यास मागल्या सोप्याची खोली, ‘सदाचरणाने घरी राहील तोपर्यंत.’

वय वर्षे चोवीस! बोटे मोजा. लग्नात अकरा, विधवा झाली तेव्हा तेरा. १८९१ चा संमतिवयाचा कायदा मुलीचे वय दहावरून बारावर नेऊन थांबला होता, पण तो लग्नाबद्दल नव्हताच. लग्नाला किमान वय लावणारा सारडा कायदा यायला १९२९ साल उजाडले. १८५६ पासून विधवेला पुनर्विवाह कायद्याने खुला होता. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली होती. पण पुण्याचा वारा आमच्या गावापर्यंत पोचला नव्हता. १ मार्च १९०१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात अडीच कोटींहून अधिक विधवा मोजल्या गेल्या. त्या आकड्यात एक आमच्या मागल्या सोप्यातली होती, सतरा वर्षांची.

आणि मागल्या सोप्याची खोली हे शब्द वाचले मात्र, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या खोलीत राहणारी बाई मी पाहिली होती. त्या आमच्या काकी.

काकींना घरातले सगळे काकीच म्हणत. आजोबा, वडील, आम्ही मुले, गडीमाणसेसुद्धा. लाल आलवण, डोईवरून घट्ट घेतलेला पदर, सोवळ्यातला स्वयंपाक. कुणा दूरच्या चुलतआजोबांच्या विधवा, आधाराला राहिलेल्या, असेच घरात सर्वांनी धरले होते. १९५९ साली त्या गेल्या तेव्हा मी आठ वर्षांची होते. गावच्या मृत्यूच्या नोंदवहीत त्या सालची नोंद काढली. नाव तेच, निळ्या शाईतले. काकी खरोखरच कुणा चुलत्याच्या बायको असत्या, तर तर्पणाच्या यादीत त्या काकांच्या ओळीत, ‘सपत्नीक’ या शब्दात आल्या असत्या. आजोबांनी त्यांना सापत्नमातेच्या ओळीत, नाव घेऊन, बसवले होते.

मग एकेक जुनी गोष्ट जागेवर येऊन बसू लागली. दरवर्षी खळे झाले की आजोबा कणगीत दाणा पडण्याआधी स्वतः पायली घेऊन मागल्या सोप्यात मोजून धान्य ओतीत. आम्ही त्याला ‘काकींचा वाटा’ म्हणत असू आणि ही काही देवाधर्माची रीत आहे असे समजत असू. दिवाळीत अभ्यंगस्नान झाल्यावर आजोबा देवाला आणि मग पहिला नमस्कार काकींना करीत, आणि त्या पदर ओढून अवघडून उभ्या राहत. आजोबांची थोरली बहीण माहेरपणाला आली की मुलांना कोडे घाली, “माझी एक आई माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, ओळखा पाहू!” आम्ही चंद्र, तुळस, नदी, काय वाटेल ते सांगत असू. आणि मागल्या सोप्यातून कधी नव्हे ते हसू ऐकू येई.

‘काकी’ हे नाव कसे पडले असेल तेही आता उमजते. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा आजोबा दहा वर्षांचे, ती अकराची. बरोबरीने चिंचा पाडाव्या अशा मुलीला आई कसे म्हणायचे? नाव घेऊन हाक मारणेही शक्य नव्हते. मुलाने मधला मार्ग काढला. पुढच्या दोन पिढ्यांनी तीच हाक उचलली, आणि त्या हाकेखाली तिचे नाते गडप झाले.

दोन्ही घरी नाही

एक काम उरले होते. खर्चाच्या वहीत व्याह्यांच्या गावाचे नाव होते. तिथे गेलो. घर सापडले, घरचे वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांनी मोठ्या प्रेमाने आपली वंशावळ पुढे ठेवली. तीत अर्थातच मुलींची नावे नव्हती. पण त्यांनी आठवून सांगितले, “आमच्या आजोबांना एक धाकटी बहीण होती खरी. लहानपणीच कृष्णाकाठी दिली. आजोबा तिच्या नावाने दरवर्षी एक लुगडे पाठवीत.” तिचे माहेरचे नाव त्यांना ठाऊक होते. ते एका नदीचे नाव होते. आमच्याकडच्या यादीतले नाव देवीचे. घरातल्या बायांची नावे छापावीत की नाही यावर आमच्यात अजून एकमत नाही, म्हणून दोन्ही इथे देत नाही. पण चौसष्ट वर्षे आमच्या घरात राहिलेल्या बाईला दोन नावे होती आणि त्यांतले एकही कुणी हाक मारायला वापरले नव्हते, एवढे सांगायला हरकत नाही.

माहेरच्या वंशावळीत मुली नसतात, कारण त्या परक्याच्या घरी जायच्या. सासरच्या वंशावळीत मूल नसलेल्या बायका नसतात, कारण त्यांच्यापासून पुढे फांदी निघत नाही. काकी या दोन्ही नियमांत सापडल्या. सरकारने त्यांना दर दहा वर्षांनी इमानाने मोजले, दोन्ही घराण्यांनी मात्र मोजले नाही. एका आजोबांनीच त्यांना एका ओळीत धरून ठेवले, आणि तेही यासाठी की वर्षातून एकदा त्यांच्या नावाने ओंजळभर पाणी सोडावे.

म्हणून तुम्हांला एकच सांगणे. या दिवाळीत सगळी मंडळी जमतील, फराळ होईल, गप्पा निघतील. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः बायकांना, विचारा: आजीचे माहेरचे नाव काय होते? पणजीच्या आधी कुणी होती का? मागच्या खोलीत राहणारी ती म्हातारी कोण होती? श्राद्धाचे चोपडे, खर्चाच्या वह्या, टाक, वाटणीचे कागद रद्दीत घालण्याआधी एकवार नजरेखालून घाला. त्यांत निघेल ते सगळेच अभिमानाचे असेल असे नाही, पण आपले असेल.

आमच्या भाच्याने नवी वंशावळ पुरी केली आहे. पणजोबांच्या नावापुढे आता तीन बायका आहेत, प्रत्येकीच्या नावाला चौकट आहे, आणि काकींच्या चौकटीत नदीचे नाव आधी आणि देवीचे नंतर आहे. मुलींच्याही फांद्या त्याने काढल्या. झाड दुप्पट झाले. शेवटी तो मला विचारू लागला, “आत्या, रुईचे काय करू? लग्न तर मंत्रोच्चाराने झाले होते.”

मी म्हटले, “घाल की! झाडात एक झाड काही जड होत नाही.”